दिलं म्हटलं की दिलं

सतरा वर्षं मी एका रबरी माणसाच्या वतीनं कण्हत आलो आहे. त्याचं नाव ओले. दीडशे पौंड वजन, डोक्यावर केस नाही, डावा गुडघा ढिला, आणि नाडी माझ्या बोटांत. कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर आमचं सिम्युलेशन सेंटर आहे. तिथल्या खोलीत पलंग खरा, मॉनिटर खरा, औषधांची ट्रॉली खरी; पेशंट तेवढा खोटा. एका बाजूनं आरसा आणि दुसऱ्या बाजूनं काच अशी एक भिंत आहे, तिच्यामागे मी बसतो. माइकमध्ये तोंड घालून "नर्स, छातीवर कुणीतरी बसलंय हो" असं विव्हळतो, बटणं दाबून रक्तदाब पाडतो, श्वास अडकवतो आणि वेळ झाली की हृदय बंद करतो. मग नर्सिंगची मुलं त्याला वाचवायला धावतात. माझ्या बायकोचं म्हणणं असं की मी घरीही तसाच कण्हतो, फक्त घरी कुणी धावत नाही.

हे सगळं उभं केलं आर्लिस बर्गस्टाडनं. मी तिचा मेकॅनिक, लेन. आधी इथल्या मोठ्या सरोवरात लोहखनिज वाहणाऱ्या बोटींवर इलेक्ट्रिशियन होतो. पाठ गेली, घरी बसलो, तेव्हा तिनं मला बोलावलं. "मला औषधातलं ओ की ठो कळत नाही," मी म्हणालो. "तुला औषध द्यायचंच नाहीये," ती म्हणाली. "तुला माणूस मारायचाय, दिवसातून पाच वेळा. जमेल?" जमलं.

आर्लिस बावीस वर्षांची असताना, नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात, तिच्या समोर एका लाकडाच्या ट्रकवाल्याचं हृदय थांबलं होतं. ती पलंगाचा कठडा धरून उभी राहिली. दुसऱ्या नर्स येईपर्यंत चौतीस सेकंद ती तशीच उभी होती. आकडा तिनंच मला सांगितला, आणि तो सांगताना ती दुसरीकडे बघत होती. माणसाची पहिली चूक जिवंत माणसावर होऊ नये, एवढीच तिची इच्छा होती, आणि त्या इच्छेपायी तिनं वीस वर्षं घातली. तळघरात दोन मोडके पुतळे घेऊन सुरुवात केली. पुढे मॅनिटोबा, विस्कॉन्सिन, डकोटा, कुठून कुठून लोक आमचं सेंटर बघायला यायला लागले. तिचा नवरा गेला तेव्हा ती तीन दिवस रजेवर होती. चौथ्या दिवशी येऊन म्हणाली, "लेन, ओलेला आज निमोनिया देऊ या."

आता मुद्द्याचं सांगतो.

ओलेच्या दंडात एक रबरी शीर आहे. पूर्वी मुलं सिरिंजमधलं पाणी तिच्यात सोडायची. ते पाणी आत साचायचं, नळ्यांत काळी बुरशी धरायची, आणि सगळं आवरल्यावर मी त्याचा हात खांद्यापासून उपटून बेसिनमध्ये धूत बसायचो. अकरा वर्षांपूर्वी एका शुक्रवारी माझं डोकं फिरलं. तो ओला हात तसाच घेऊन मी आर्लिसच्या ऑफिसात गेलो आणि तिच्या टेबलावर आपटला.

"एक तर हा राहील, नाहीतर मी. वास घे."

"लेन, मी सँडविच खातेय."

"घे वास!"

तिनं वास घेतला आणि सँडविच बाजूला ठेवलं. सोमवारपासून नवा नियम आला. औषध ट्रॉलीतून काढायचं, लेबल वाचायचं, सिरिंज पेशंटच्या दंडाजवळ वर धरायची आणि खणखणीत आवाजात नाव, मात्रा सांगून म्हणायचं, 'दिलं!' टोपण काढायचं नाही, दट्ट्या दाबायचा नाही. सिरिंज चादरीवर ठेवून पुढच्या कामाला लागायचं. 'दिलं' ऐकलं की काचेमागे मी बटण दाबणार आणि मॉनिटरवर औषधाचा गुण दिसणार. नळ्या कोरड्या राहिल्या. दिवसाला पाच गट व्हायचे ते आठ व्हायला लागले.

आणि मोठ्यानं बोलायची सवय मुळात चांगलीच. खरं हृदय बंद पडतं, ज्याला हॉस्पिटलात कोड म्हणतात, तेव्हा पलंगाभोवती सात-आठ माणसं असतात. एक सांगतो, दुसरा करतो आणि 'केलं' म्हणतो, तिसरा घड्याळ बघून लिहून घेतो. आमच्या भागातली माणसं म्हणजे लग्नाला होकार देतील तोही बुटांकडे बघत. त्यांना बोलतं करण्यासाठी आर्लिसनं जिवाचं रान केलं होतं. या नियमानं ते काम वर्षभरात झालं. समोरच्या हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणायला लागले, बर्गस्टाडची पोरं आवाजावरून ओळखू येतात. आर्लिस शिकागोला जाऊन यावर भाषण देऊन आली. पोरांनीही म्हणच करून टाकली होती, 'दिलं म्हटलं की दिलं,' आणि कँटीनमध्ये एकमेकांच्या ताटातले बटाटे पळवताना ती तेच म्हणायची.

म्हणणं वेगळं आणि देणं वेगळं, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या तर नाहीच नाही. माझे शुक्रवार मोकळे झाले होते.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी दुपारी आम्ही दोघं सूप पीत बसलो होतो. ब्रिन मॅकेला आली. चार वर्षांपूर्वीची आमची विद्यार्थिनी, आता समोरच्या हॉस्पिटलात चौथ्या मजल्यावर नर्स. कॉलेजात असताना आइस हॉकीत गोल सांभाळायची. तिच्या हातून काही सुटलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ती बर्फाचे बूट न काढताच आत आली आणि गालिच्यावर डबकं झालेलं तिला कळलंही नाही.

"मिसेस बी, मला एक पत्र हवंय," ती म्हणाली. "मी चांगली विद्यार्थिनी होते एवढंच लिहा."

"बस आधी. काय झालं?"

तिनं सांगितलं. शनिवारी दुपारी तीनची गोष्ट. ड्वेन स्कॉग नावाचा छप्पन्न वर्षांचा माणूस, कौंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवणारा. पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन तिसरा दिवस, दुसऱ्या दिवशी घरी जायचा होता. बायको खाली कॉफी आणायला गेली आणि त्याचं हृदय थांबलं. सगळे धावले. औषधांची जबाबदारी ब्रिनकडे आली. डॉक्टरनं एपि मागितलं. एपि म्हणजे थांबलेलं हृदय चालू व्हावं म्हणून शिरेतून द्यायचं औषध. तीनदा मागितलं. तीनदा ब्रिननं खणखणीत आवाजात 'दिलं' म्हटलं, आणि लिहिणाऱ्या बाईनं तीनदा वेळ लिहिली. सव्वीस मिनिटांनी डॉक्टरनं हात थांबवले.

"मग मी पसारा आवरत होते," ब्रिन म्हणाली. "चादरीच्या घडीत तिन्ही सिरिंज होत्या. भरलेल्या. टोपणासकट."

सूप तसंच राहिलं.

"कुणी पाहिल्या?" मी विचारलं.

"नाही. मीच सुपरवायझरला नेऊन दिल्या."

सुयांच्या डब्यात टाकल्या असत्या तर कुणाला कळलं नसतं. त्या क्षणी मला वाटलं, काय वेडी पोरगी आहे. असं वाटल्याची मला आजही लाज वाटते.

"तो वाचला असता का?" आर्लिसनं विचारलं.

"डॉक्टर म्हणतात, कदाचित तरीही गेला असता. कदाचित." ब्रिननं बाहीनं नाक पुसलं. "सगळे म्हणतात घाबरलीस तू. पण मी घाबरले नव्हते, मिसेस बी. तेच कळत नाही. डोकं एकदम शांत होतं."

आर्लिस उठली. "चल. दाखव मला."

आम्ही खोलीत गेलो. मी सवयीनं काचेमागे जाऊन बसलो आणि ओलेचं हृदय बंद केलं. आर्लिस छाती दाबायला लागली आणि तिनं हुकूम दिला, "एपि एक मिलिग्रॅम!" ब्रिननं ट्रॉलीचा खण ओढला, सिरिंज काढली, लेबल वाचलं, दंडाजवळ वर धरली. "एपि एक मिलिग्रॅम, दिलं!" आवाज असा की काच थरथरली. सिरिंज चादरीवर ठेवून ती पुढच्या औषधाकडे वळली. सगळं सफाईदार, एक हालचाल इकडची तिकडे नाही.

आणि मी बटण दाबलं. विचार करून नाही. अकरा वर्षं दाबत होतो म्हणून दाबलं. मॉनिटरवर ओलेचं हृदय चालू झालं.

आर्लिसनं चादरीवरच्या सिरिंजकडे पाहिलं, मग मान वर करून आरशाकडे. तिला त्या बाजूनं मी दिसत नाही हे मला ठाऊक आहे. तरी मी मान खाली घातली. तिनं हात लांब करून मॉनिटर बंद केला. ब्रिन तोवर ट्रॉलीत वाकलेली होती, तिनं यातलं काही पाहिलं नाही.

"हेच केलं मी," ती सरळ होत म्हणाली. "मग चुकलं कुठं?"

"घरी जा," आर्लिस म्हणाली. "झोप. पत्र मी लिहिते."

ती गेल्यावर आर्लिस ओलेच्या पलंगावर, त्याच्या पायाशी बसली. पाठ वाकवून बसलेली मी तिला पहिल्यांदा पाहत होतो.

"मी शिकवलं तिला हे," ती म्हणाली.

"उगाच अंगावर ओढून घेऊ नकोस. चार वर्षं ती खऱ्या माणसांना खरी औषधं देतेय. रोज देते."

"रोजची देते. डोकं लावून देते. कोडच्या वेळी डोकं कुठं असतं, लेन? तेव्हा हात करतात, हातांना जे माहीत असतं ते. त्यासाठीच तर हे सेंटर काढलं मी."



यावर मी जे बोललो ते सगळं सांगतो, कारण माझ्याबद्दल कुणाचा चांगला ग्रह होऊ नये. मी म्हणालो, "जूनमध्ये तू निवृत्त होतेयस. गप्प बस. पत्र लिही, चांगलं लिही. चौकशी समितीसमोर हे बोललीस तर सेंटरला टाळं लागेल, आणि तो मेलेला माणूस काही उठून बसणार नाही." आणि मग, जे खरं पोटात होतं ते, "आणि तो हात मी आपटला होता तुझ्या टेबलावर, तेही निघेल."

"ते नाही निघणार," ती म्हणाली. "नियम माझा होता. तू फक्त ओरडलास. तू नेहमीच ओरडतोस."

मला हायसं वाटलं. माझ्याएवढा भेकड माणूस त्या इमारतीत दुसरा नसेल.

तिनं सगळं कॉलेजच्या डीनला कळवलं, तेव्हा त्यानं तिला ऑफिसात बोलावून सांगितलं, की कॉलेजच्या वकिलाशी बोलल्याशिवाय कुणाशी, विशेषतः त्या मुलीशी, एक शब्दही बोलायचा नाही. आर्लिस तीन आठवडे थांबली. त्या तीन आठवड्यांत ब्रिन घरी बसून होती आणि आपण घाबरट आहोत असं समजत होती. आर्लिसला याबद्दल स्वतःचा फार राग आला. मलाही तिचा आला. पण ब्रिनला फोन करायला मला कुणी अडवलं नव्हतं.

चौकशी हॉस्पिटलाच्या तळमजल्यावर, सकाळी दहाला होती. मी आर्लिसबरोबर गेलो, नावापुरता साक्षीदार म्हणून. टेबलावर कॉफीचा थर्मास आणि कुणीतरी घरून करून आणलेल्या लिंबाच्या वड्या. समितीचे प्रमुख डॉक्टर हॅलोरन. माणूस वाईट नाही, बर्फात अडकलेली माझी गाडी त्यानं दोनदा ढकललीय. त्याच्या शेजारी नर्सिंगची सुपरवायझर जोलीन, तीही आमच्याकडेच शिकलेली, सात वर्षांपूर्वी. ब्रिनचं म्हणणं आधीच ऐकून तिला घरी पाठवलं होतं.

आर्लिसनं कागद वाचला नाही. उभं राहून सांगितलं. नियम काय होता, कधी आला, मुलं काय करायची. पर्समधून सिरिंज काढून दाखवलं, अशी धरायची, असं म्हणायचं, अशी ठेवायची. "ती पोरगी घाबरली नव्हती," ती म्हणाली. "मी जे शिकवलं ते तिनं जसंच्या तसं केलं. शिक्षा करायची तर मला करा."

हॅलोरननं चष्मा काढला. "किती जणांना शिकवलंस असं?"

"अकरा वर्षांत तीन हजार शंभरच्या वर."

"त्यातले आमच्याकडे किती?"

"दोनशेच्या आसपास."

जोलीनचे दोन्ही हात टेबलावर होते. तिनं ते उचलले आणि मांडीवर घेतले. 

"म्हणजे आत्ता, या घटकेला," हॅलोरन सावकाश म्हणाला, "वर दोनशे नर्स आहेत, आणि कुणाचं हृदय थांबलं तर त्या औषध देतील की नुसतं दिलं म्हणतील, हे तुला सांगता येत नाही."

"नाही सांगता येत. म्हणून तर आलेय. त्यांना कळवा. सगळ्यांना परत बोलवा माझ्याकडे, मी दिवसरात्र—"

"आणि गेल्या अकरा वर्षांतल्या पेशंटांच्या घरच्यांना काय कळवू?"

आर्लिसनं सिरिंज परत पर्समध्ये ठेवली.

"खाली बस, आर्लिस. वडी घे."

तिनं वडी घेतली. खाल्ली नाही, नुसती हातात धरून बसली. हॅलोरननं टिपणं घेणाऱ्या बाईकडे बघून मान हलवली आणि त्या बाईनं पेन बंद केलं. मी तोंड उघडू शकलो असतो. बटण कोण दाबत होतं, हात कुणी आपटला होता, हे सांगितलं असतं तर निदान तिच्या शेजारी आणखी एक माणूस उभा राहिला असता. मी कॉफी ओतून घेतली.

निकाल आठवड्यानं आला. ताणाखाली झालेली वैयक्तिक चूक. कर्मचारी स्वतःहून पुढे आली याची नोंद घेण्यात येते. कामावरून कमी करण्यात येत आहे. प्रकरण परवाना मंडळाकडे. पान दीड पान. सेंटरचं त्यात नाव नव्हतं. डीननं आर्लिसला मिठी मारली आणि म्हणाला, "सुटलो." वर जूनमधल्या निरोपसमारंभाला केक कुठला आवडेल तेही विचारलं.

तिनं जमेल ते केलं. दुसऱ्याच दिवशी नियम बदलला. टोपण काढा, दट्ट्या दाबा, पाणी आत जाऊ द्या. मी ओलेचा हात धुवायला लागलो आणि या वेळी चकार शब्द काढला नाही. जुन्या विद्यार्थ्यांना पत्रं पाठवायला तिनं पत्ते मागितले. कॉलेजनं ते द्यायला नकार दिला. तिनं आपल्या नाताळच्या कार्डांच्या यादीतून शंभरएक शोधून हातानं पत्रं लिहिली. नऊ उत्तरं आली. त्यातली सहा निवृत्तीच्या शुभेच्छांची होती. महिनाभरात गट मागे पडायला लागले, आणि डीनचं पत्र आलं की जूनपासून नवीन प्रमुख पूर्वीचं वेळापत्रक चालू करतील. दिवसाला आठ गट. नळ्या कोरड्या ठेवल्याशिवाय आठ गट होत नाहीत, हे त्यांना नाही तरी मला माहीत होतं. आर्लिसनं ते पत्र मला वाचायला दिलं आणि खिडकीजवळ जाऊन उभी राहिली. तिच्या वीस वर्षांचं काय झालं हे तिला कळत होतं, आणि त्यात करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"एक काम राहिलंय," ती म्हणाली. "ब्रिन."

"तिला काय सांगणार?"

"की ती घाबरट नाही. निदान एवढं तरी तिला मिळायला हवं. बाकी कुणाला काही देता आलं नाही मला."

मार्चच्या शेवटी, एका शनिवारी सकाळी आम्ही गेलो. ब्रिन आईच्या घरी राहायला आली होती, सरोवराच्या काठानं वर चाळीस मैल. मी गाडी चालवत होतो. आर्लिसच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला, घरी भाजून केलेला गरम कॅसरोल होता, कारण आमच्याकडे मोकळ्या हातांनी कुणी कुणाच्या दारात उभं राहत नाही, दुःखाच्या तर मुळीच नाही.

आई मासे साफ करायच्या कारखान्यात कामाला गेली होती. ब्रिननं दार उघडलं. वजन उतरलं होतं, पण केस धुतलेले होते. गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात काम मिळालंय म्हणाली, सोमवारपासून. आर्लिसचा चेहरा जरा उजळला. मलाही वाटलं, बरं झालं आलो. आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो.

आर्लिसनं तिला सगळं सांगितलं. नियम, टोपण, बटण, समितीपुढे काय बोलली, ते कसं टिपणात आलं नाही. आणि मग मीही सांगितलं, ओलेचा हात आपटणं, माझं ओरडणं. उशिरा का होईना. त्या पोरीसमोर ते बोलताना मला रडू आलं.

"तू घाबरली नव्हतीस," आर्लिस तिचा हात धरून म्हणाली. "तुझं बरोबर होतं. ते तुझ्या हातांना मी शिकवलं होतं. तुझी चूक नाही, ब्रिन. माझी आहे."

ब्रिन ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेल्यासारखं दिसलं, आणि मला वाटलं, सुटली. क्षणभर खरंच तसं वाटलं.

मग तिनं आपला हात आर्लिसच्या हातातून काढून घेतला.

"कोडनंतर पसारा सफाईवाले आवरतात," ती म्हणाली. "सिरिंज, कागद, हातमोजे, सगळं एका झाडणीत डब्यात जातं, सिरिंज भरलेली की रिकामी ते कुणी बघत नाही. आम्ही कधीच आवरत नाही. त्या शनिवारी त्यांच्यात दोघं आजारी होते, म्हणून मी आवरलं."

आर्लिस तिच्याकडे बघत राहिली. तिला माझ्याआधी कळलं.

"मला वाटत होतं, मी एकदा घाबरले," ब्रिन म्हणाली. "एकदाच. एक माणूस. त्याच्याबरोबर जगता येईल असं मी आत्ता कुठं ठरवलं होतं. रोज सकाळी ठरवत होते."

"ब्रिन—"

"चार वर्षांत मी अकरा कोडला होते, मिसेस बी. सहा वेळा औषधं माझ्याकडे होती. प्रत्येक वेळी मी 'दिलं' म्हटलं, माझा आवाज मला आठवतोय. अंगठा दाबल्याचं आठवत नाही. एकदाही आठवत नाही." ती आपल्या उजव्या हाताकडे बघत होती. "त्या सहांतले किती गेले ते मात्र माहितीये मला. सगळे गेले."

"कोडला बहुतेक जण जातातच," आर्लिस म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही. "औषध दिलं तरी जातात. तुला माहीत आहे."

"हो. तुम्ही सांगू शकता का, यातले कुठले तसेही गेले असते?"

आर्लिस कॅसरोलवरच्या टॉवेलाची टोकं नीट करत राहिली.

"हे मला का सांगितलंत?" ब्रिननं विचारलं. रागानं नाही, तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं.  

ब्रिन उठली. फ्रिजवर विजेच्या बिलाचं पाकीट होतं ते काढलं, खणातून पेन्सिल घेतली आणि परत येऊन बसली. पाकिटाच्या पाठीवर तिनं लिहिलं, ड्वेन स्कॉग. त्याखाली आणखी एक नाव. मग आणखी एक. चौथ्यापाशी थांबून म्हणाली, "स्कूलबस चालवायचा तो. मुली आल्या होत्या त्याच्या, जुळ्या. काय बरं नाव होतं?"

 कॅसरोल टेबलावर टॉवेलात तसाच होता. आर्लिसनं कोट घातला आणि मी दार उघडलं. ब्रिननं मान वर केली नाही. चौथं नाव तिला आठवत नव्हतं, आणि ती त्यासाठी जागा मोकळी सोडून पाचवं लिहायला लागली होती.